उपासना : शब्द, कृती आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना ‘उपासना’ हा शब्द वारंवार भेटतो. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे. जवळ जाऊन बसणे हा त्याचा मूळ अर्थ. ख्रिस्ती समाजाने तो जुन्या परंपरेतूनच घेतला, परंतु त्याच्या आशयाला वेगळे वळण मिळाले. माणूस देवाजवळ जाऊन बसण्यापूर्वी देवच ख्रिस्ताच्या रूपाने माणसाजवळ आला, ही ख्रिस्ती धर्माची मूळ श्रद्धा होय. त्यामुळे उपासना म्हणजे देवाला प्रसन्न करून घेण्याची खटपट नव्हे, तर आधीच मिळालेल्या कृपेला दिलेला प्रतिसाद, असे येथे मानले जाते. (लोकव्यवहारात ख्रिस्ती भाविकही नवस बोलतात, हा भाग निराळा.)

प्रार्थना, शास्त्रवाचन, गीते, उपदेश आणि प्रभुभोजन ही सामुदायिक उपासनेची परिचित अंगे. कॅथलिक परंपरेत मिस्सा केंद्रस्थानी असते. मात्र नवा करार उपासनेला एवढ्यातच बांधून ठेवत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री उपासनेचे खरे स्थान डोंगरावर की यरुशलेमेत, असा प्रश्न उपस्थित करते. येशू स्थळाचा वाद बाजूला सारून आत्म्याने व खरेपणाने केलेल्या उपासनेची गोष्ट काढतो. पौल तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आपले अवघे शरीरच अर्पण करण्यास सांगतो. मग शेतातील वा कचेरीतील कामही उपासनाच ठरते.

आत्म्याने आणि खरेपणाने म्हणजे कोणत्या भाषेत? मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येत नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. पुढे मिशनरींच्या काळात इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाइली जाऊ लागली. इंग्रजी चाल आघातावर चालते, तर मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घावर आणि अक्षरसंख्येवर. त्यामुळे गाताना दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व ताणले जाते आणि शब्द ओळखीचे असूनही परके वाटू लागतात. परक्या वाटणाऱ्या शब्दांनी देवाजवळ बसणे अवघडच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ही अडचण मुळाशी जाऊन ओळखली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचे सांगणे असे, की आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले. ख्रिस्ताला ते ‘माउली’ म्हणतात, तेव्हा केवळ शब्द बदलत नाही. न्यायासनावरील राजापुढे उभा असलेला भक्त आईजवळ येऊन बसतो. ‘उपासना’ शब्दातील जवळीक येथे प्रत्यक्ष अनुभवास येते. भजनात टाळ धरणारा प्रत्येक जण गातो, तो नुसता श्रोता राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

टिळक एवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून स्थान होते. उपासनेसाठी आधी मंडळीचे सभासदत्व हवे की ख्रिस्ताविषयीची ओढ पुरेशी आहे, हा प्रश्न त्यांनी असा कृतीतून पुढे आणला. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले. त्यांची गीते मात्र ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्या आजही गातात.