फाइल सापडते, नातं सापडत नाही

ज्यांच्या लॅपटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या कोडच्या फाइल्स आहेत, आजचा भाग त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठीच.

झालं असं, की मी तारीख वाचणारं एक छोटंसं फंक्शन ‘सुधारलं’. दुसऱ्या एका कामासाठी महिना आधी, दिवस नंतर असं हवं होतं. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब त्याच फंक्शनवर चालतो, हे साफ विसरलो. ५ ऑगस्टला भरलेले पैसे ८ मेला जमा दिसले आणि वेळेवर पैसे भरणाऱ्यांनाच दंड लागला! वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यातच गाठलं.

तुम्ही म्हणाल, आधी सर्च का नाही केलंस? केलं होतं ना. ग्रेप हे १९७३ पासूनचं, अजूनही झकास चालणारं टूल आहे. पण ते शब्द शोधतं. हिशेबाच्या स्क्रिप्टमध्ये त्या फंक्शनचं नावच नव्हतं. ती स्क्रिप्ट फाइल वाचणाऱ्या फंक्शनला बोलावते आणि ते पुढे तारखेवाल्याला. म्हणजे लग्नात भेटलेला पाहुणा. आडनाव वेगळं, पण एखादी आजी बरोब्बर सांगते, ‘अरे, हा तुझ्या आत्याच्या जावेचा भाचा!’

नॉलेज ग्राफ म्हणजे ती आजी. प्रत्येक फाइल, प्रत्येक फंक्शन हा एक बिंदू. ‘बोलावतं’, ‘आयात करतं’ या त्यांना जोडणाऱ्या रेघा.

बनवायला फार काही लागत नाही. पायथनमध्ये एएसटी नावाचं मॉड्यूल आयतंच मिळतं. ते कोड न चालवता त्याची रचना उलगडून दाखवतं. कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं ते त्यातून काढायचं आणि एसक्यूलाइटमध्ये तीन रकान्यांचं टेबल करायचं: कोण, नातं, कोणाशी. २०१४ पासून एसक्यूलाइटला रिकर्सिव्ह क्वेरी येते, त्यामुळे नात्याचं नातं, त्याचंही नातं एका झटक्यात मिळतं. वेगळा ग्राफ डेटाबेस कशाला? आपल्या दोन-चारशे फाइल्सना तो म्हणजे भाजी आणायला ट्रक.

एक गोची मात्र आहे. एकाच नावाची फंक्शन्स माझ्याकडे ढिगाने निघाली, म्हणून नावापुढे फाइलचा पत्ता जोडावा लागला. आणि कोणाला बोलावायचं हे जिथे कोड चालतानाच ठरतं, तिथे एएसटीला काही दिसत नाही. तिथली रेघ हातानेच ओढायची.

खरं सांगू? हाताने ओढलेल्या रेघाच मला जास्त कामाच्या वाटतात. ‘ही दुरुस्ती का केली’, ‘हे कोणासाठी लिहिलं’ हे कुठलंही मॉड्यूल सांगणार नाही. तारखेच्या फंक्शनला मी आता एक रेघ जोडलीय: ‘दंड ठरतो’.

ग्राफ शिळा होऊ नये म्हणून गिटच्या प्रत्येक कमिटला तो आपोआप नव्याने बनतो. परवा पुन्हा त्याच फंक्शनला हात लावायची वेळ आली. आधी ग्राफला विचारलं. सहा नावं आली. त्यातली दोन मला आठवतही नव्हती.