आर्वी ते वर्धा आणि परत: सायकलवर शंभर किलोमीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने कसे पोहोचावे?

"डॉक्टर, यांनी नवी सायकल घेतली आहे. पुढच्या महिन्यात वर्ध्याला जाऊन परत येतो म्हणतात. जाऊ देऊ का?" चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांच्या घरून, आणि आता काही बायकांच्या घरूनही, हा प्रश्न वरचेवर येतो. आर्वीहून वर्धा एका बाजूने पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन शंभरी पार होते. माझे उत्तर असे: जरूर जाऊ द्या, पण पुढच्या महिन्यात नाही. साधारण चार महिन्यांनी.

सायकलिंगचा हा उत्साह चांगलाच आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. अशा बातम्या वाचून माणूस सायकल काढतो. मात्र बातमीत शर्यतीचे दिवस दिसतात, त्याआधीची कित्येक वर्षे दिसत नाहीत. आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही, तरी नियम तोच आहे: शरीराला सवय होण्याचा वेळ द्यावा लागतो.

सुरुवातीआधी कोणी तपासणी करून घ्यावी?

तुम्ही पस्तिशीच्या आतले असाल, कोणताही आजार नसेल आणि दोन मजले चढून छाती भरून येत नसेल, तर दहा किलोमीटर सायकल चालवायला डॉक्टरांच्या परवानगीची गरज नाही. चाळीस ओलांडली असेल आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्ट्रॉल, बिडी-सिगारेट किंवा खर्रा यांपैकी काहीही असेल, तर आधी दाखवा. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर नक्कीच दाखवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "ईसीजी नॉर्मल आहे" म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असे नाही. झोपून काढलेला ईसीजी विश्रांतीतल्या हृदयाची माहिती देतो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली असतानाही तो साफ नॉर्मल असू शकतो, कारण विश्रांतीत हृदयाला तेवढे रक्त पुरते. चढावर मागणी वाढली की कमतरता उघडी पडते. म्हणून चालताना किंवा चढताना छातीत जडपणा, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, वयाच्या मानाने जास्त धाप, यांपैकी काही होत असेल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करावी की आणखी काही, हे डॉक्टर ठरवतील. ही सोय वर्ध्यात आहे. "जळजळ आहे, अ‍ॅसिडिटी असेल" असे म्हणून टाळू नका. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी जळजळ अ‍ॅसिडिटीची नसण्याचीच शक्यता जास्त.

खर्ऱ्याबद्दल वेगळे सांगतो, कारण तंबाखूची तपासणी विचारली की लोक "मी सिगारेट ओढत नाही" म्हणतात. खर्ऱ्यातल्या तंबाखूचे निकोटिन नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते आणि रक्तवाहिन्या आकसते. गालात खर्रा ठेवून चढ चढणे म्हणजे हृदयाकडून जास्त काम मागायचे आणि त्याच वेळी त्याचा रक्तपुरवठा आवळायचा. सोडता येत नसेल तर मदत मागा. निदान सायकलच्या दिवशी सकाळी तोंडात काही नको.

सिकलसेलची तपासणी विसरू नका

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या सायकलिंगच्या लेखांत सहसा नसते, पण विदर्भात ती महत्त्वाची आहे. आपल्याकडे सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. ज्यांच्यात एकच जनुक दोषी असते ते 'वाहक' (एएस) रोजच्या आयुष्यात पूर्ण निरोगी असतात आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतही नसते. पण कडक ऊन, शरीरात पाण्याची कमतरता आणि ताकदीबाहेरचा जोर हे तिन्ही एकत्र आले, तर वाहकांच्याही लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडू शकतो. अशा वेळी पायात गोळे येत नाहीत, पाय नुसते गळून जातात. हे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतू शकते.

वाहकांना सायकलिंग वर्ज्य नाही. त्यांनी हळूहळू वाढवावे, पाणी वेळेवर प्यावे, उन्हात शर्यत लावू नये आणि पाय गळाल्यासारखे वाटताच थांबावे. सिकलसेलचा आजार (एसएस) असलेल्यांनी मात्र लांब पल्ल्याचा विचार आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. तपासणी साधी रक्ताची असते आणि सरकारी रुग्णालयात होते. लग्न ठरवतानाही ती उपयोगी पडते, हा वेगळा फायदा.

सतरा आठवड्यांचा हिशेब

दसऱ्याला सायकलची पूजा केली की सुरुवात करा. तेव्हापासून चार महिने मोजले तर फेब्रुवारीत शंभर किलोमीटर होतात, म्हणजे ऊन तापायच्या आत. उलट मार्चमध्ये सुरू करणारा माणूस मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, लांब पल्ला गाठायला बघतो. आपल्या जिल्ह्यात हे वेळापत्रक चुकीचे आहे.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. दोन दिवस ४० ते ६० मिनिटे आरामात, आणि रविवारी लांब फेरी. रविवारचे आकडे साधारण असे ठेवा: १५, २०, २५, मग मुद्दाम कमी म्हणजे १८. पुढे ३०, ३५, ४० आणि पुन्हा २८. त्यानंतर ४५, ५२, ६० आणि ४०. मग ६८, ७६, ८५ आणि ६०. सतराव्या रविवारी १००. दर चौथा आठवडा कमी ठेवलेला आहे तो आळसासाठी नाही. स्नायू वाढतात ते विश्रांतीत.

रस्त्यांच्या भाषेत सांगायचे तर तळेगावपर्यंत जाऊन परत आलात की पहिला महिना झाला. पुलगावपर्यंत जाऊन परत म्हणजे जवळपास सत्तर. पूर्वी शकुंतला रेल्वे ज्या ३५ किलोमीटरच्या मार्गाने रमतगमत जायची, त्याच्याच सोबतीचा हा रस्ता. ती घाई करत नसे, तुम्हीही करू नका. वर्धा शेवटी.

वेग किती असावा? घड्याळ नको. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त झाला. पहिले दोन महिने सगळे असेच चालवा.

एवढा वेळ का लागतो, हे समजून घेतले तर धीर धरता येतो. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रव वाढतो आणि दम लागणे कमी होते. स्नायूंच्या आतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढायला सहा-आठ आठवडे लागतात. गुडघ्याभोवतीचे कंडरे सर्वांत सावकाश बदलतात. म्हणजे दुसऱ्या महिन्यात हृदय-फुप्फुसे "अजून जाऊ" म्हणतात आणि गुडघे अजून तयार नसतात. गुडघेदुखीचे सायकलस्वार बहुतेक याच महिन्यात दवाखान्यात येतात.

गुडघा, हात आणि सीट

गुडघेदुखीवर गोळी मागण्याआधी सीटची उंची बघा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. त्याने गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीभोवती दुखते. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट जास्त वर आहे. दुसरे कारण जड गिअर. हलका गिअर ठेवून मिनिटाला पाऊणशे ते नव्वद वेळा पाय फिरवा. जोर लावून पन्नास वेळा ढकलण्यापेक्षा ते गुडघ्याला सोसते.

करंगळी बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची नस दाबली जात आहे. हँडलवरची पकड बदलत राहा, कोपरे थोडी वाकवा.

सीटमुळे जांघेच्या मध्यभागी, लघवीच्या जागेभोवती बधिरपणा येतो. पुरुष हे घरी सांगत नाहीत आणि डॉक्टरांनाही नाही. तिथली नस आणि रक्तवाहिनी दाबली जाते म्हणून तसे होते. दर दहा-पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पेडलवर उभे राहा, सीटचे नाक वर उचललेले असेल तर सपाट करा. तरीही बधिरपणा उतरल्यावर बराच वेळ टिकत असेल तर सीट बदला आणि दाखवा. पॅडची चड्डी घालत असाल तर तिच्याखाली दुसरी चड्डी घालू नका, शिवणीने कातडी सोलते.

खाणे-पिणे

तासाभराच्या फेरीला पाणी पुरते. स्नायूंत साठवलेली साखर दीड-दोन तास पुरते, त्यानंतर बाहेरून द्यावी लागते. नाहीतर अचानक हातपाय गळतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हवीत. एका मध्यम केळात साधारण २५ ग्रॅम असतात. केळे आणि गुळाचा खडा, किंवा केळे आणि एक-दोन संत्री, हे काम सहज होते. संत्र्यांच्या मुलखात राहून महागडी जेलची पाकिटे मागवायची गरज मला तरी दिसत नाही. निघण्याआधी तर्री-पोहे मात्र नकोत. तेल आणि तिखट पोटात राहते आणि वाकून बसल्यावर वर येते. परत आल्यावर खा.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात थोडे जास्त. दोन तासांपुढे एका बाटलीत ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवून. नुसते साधे पाणी सतत ढोसले तर रक्तातले सोडियम उतरते आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळ, झटके येऊ शकतात. अंदाज घ्यायचा असेल तर जाण्याआधी आणि आल्यावर वजन करा. ७० किलोच्या माणसाचे दीड किलोपर्यंत घटले तर ठीक. वजन वाढले असेल तर पाणी जास्त प्यालात.

गोळ्या चालू असतील तर

ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर लांब फेरीत, आणि त्या रात्री झोपेतही, उतरू शकते. निघण्याआधी तपासा. शंभरच्या खाली असेल तर आधी खा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा आणि सोबत्याला ते कुठे आहे हे सांगून ठेवा. डोस किती कमी करायचा हे आधी डॉक्टरांशी ठरवा, मनाने नको. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे पाणी आणि साखर काढतात, त्यांच्याबद्दलही विचारा. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात चक्कर येऊ शकते. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनी घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांवर विसंबू नये, ती गोळी ठोके वाढूच देत नाही.

"दुखू नये म्हणून" निघण्याआधी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची पद्धत पसरली आहे. घाम गेलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. घेऊ नका.

कधी थांबायचे

ताप असेल तर फेरी रद्द. ताप उतरल्यावरही काही दिवस फक्त हलके चालवा, कारण काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात. छातीत दुखणे, ठोके चुकणे, डोळ्यांपुढे काळोख, यांपैकी काहीही झाले तर सायकल तिथेच उभी करा आणि १०८ ला फोन करा. "घरी पोहोचून बघू" नको. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि गाडी येईपर्यंत ते थांबवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. फेरीनंतर लघवी कोला रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

घरच्यांसाठी एक काम. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या आणि ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. उजाडल्याशिवाय निघू देऊ नका. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि खिशात नाव, रक्तगट व चालू गोळ्या लिहिलेली चिठ्ठी, एवढे तपासून मगच दार उघडा.

शंभर झाले की पुढे ब्रेव्हे खुणावते: ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, शर्यत नाही. सर्वांत लहान २०० किलोमीटरचे असते आणि त्याला साडेतेरा तास मिळतात. त्याआधी शंभराच्या तीन-चार फेऱ्या त्रासाशिवाय झालेल्या असाव्यात. त्रासाशिवाय म्हणजे दुसऱ्या दिवशी कामावर नेहमीसारखे जाता आले पाहिजे.