जकातीचा हिशेब फोनमध्येच फाइल करून ठेवा

रमजान जवळ आला की जकातीचा हिशेब करून देणाऱ्या वेबसाइट्सकडे लोक वळतात. आकडे भरले की खाली उत्तर येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढला जातो आणि तो फोनमधल्या हजार फोटोंत हरवतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न: गेल्या वेळी किती दिली होती, आणि कोणत्या तारखेला?

हा प्रश्न छोटा नाही. जकात फर्ज आहे आणि ती चांद्र वर्षाने मोजली जाते. हे वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणजे तारीख दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते. नोंद नसेल तर अंदाजाने काम चालतं. शिवाय हिशेब एकाच माणसाच्या डोक्यात असेल आणि तो माणूस अचानक गेला, तर घरच्यांना काहीच ठाऊक नसतं. म्हणून अशा वेबसाइटवर ‘फाइल डाउनलोड करा’ हे बटण असायलाच हवं, असं आम्हाला वाटतं. मशीद, जमात किंवा ट्रस्टची वेबसाइट बनवणाऱ्या तरुणांसाठी त्याची पद्धत इथे सांगत आहोत.

समजा एखाद्याकडे रोख १,२०,००० रुपये, दुकानातला माल ८०,०००, सोनं २,००,००० रुपयांचं आणि देणं ५०,००० आहे. उरले ३,५०,०००. ही रक्कम निसाबाच्या वर असेल आणि वर्ष पूर्ण झालं असेल, तर अडीच टक्क्यांनी जकात होते ८,७५० रुपये. हा सगळा हिशेब ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट करू शकते. त्याच मजकुराचा ती ‘ब्लॉब’ बनवते, म्हणजे फाइलचा कच्चा माल. ब्राउझर त्या ब्लॉबला एक तात्पुरता पत्ता देतो. तो पत्ता ‘डाउनलोड’ हा गुणधर्म असलेल्या लिंकला जोडला की बटण दाबताच फाइल उतरते. शेवटी तो पत्ता रद्द करायचा, बस्स.

यात सर्व्हरला काहीही पाठवावं लागत नाही, आणि खरी गोष्ट हीच आहे. कुणाकडे किती सोनं आणि कुणावर किती कर्ज, ही घरातली बाब आहे. ती घरातच राहिली पाहिजे. आकडे सर्व्हरवर नेऊन फाइल बनवणं शक्य आहे, पण गरज नसताना लोकांची अमानत आपल्याकडे का ठेवायची?

काही बारीक गोष्टी सांभाळा. ब्लॉबमधला मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो, पण काही जुने प्रोग्राम ते ओळखत नाहीत आणि मराठी-उर्दू अक्षरांची खिचडी दिसते. त्यासाठी सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह घाला. फाइलच्या नावात तारीख टाका, पण तिरपी रेघ नको, आडवी वापरा. एखाद्या ॲपच्या आत उघडलेल्या पानावर डाउनलोड कधी कधी चालत नाही, म्हणून शेजारी ‘कॉपी करा’ हेही बटण द्या.

फाइलमध्ये फक्त शेवटचा आकडा नको. हिजरी व इंग्रजी तारीख, त्या दिवसाचा सोन्या-चांदीचा भाव, निसाब कोणता धरला (सोनं ८७.४८ ग्रॅम की चांदी ६१२.३६ ग्रॅम), प्रत्येक रक्कम, वजा केलेलं देणं आणि पुढच्या वर्षाची हिजरी तारीख, हे सगळं लिहा. कोणतं देणं वजा होतं, वापरातल्या दागिन्यांचं काय, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तपशील लिहिलेला असेल तर मुफ्तीसाहेबांना तीच फाइल दाखवून विचारता येतं.

आणि वाचकांनो, सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या फोनवर हिशेब केलात तर फाइल स्वतःकडे घ्या आणि तिथून पुसून टाका. अल्लाह आपणा सर्वांची जकात कबूल करो. आमीन.