खेड्यातला बंब कोणाच्या पैशावर धावतो?

अमेरिकेचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. परंतु त्या देशात खेडी, शेते आणि जंगलेही अफाट आहेत. तेथे रात्री दोन वाजता एखाद्या शेतकऱ्याच्या कोठाराला आग लागली तर बंब कोण पाठवतो? त्या बंबाचे पैसे कोण भरतो? सरकार भरत असेल, असे कोणीही म्हणेल. पण पुष्कळ राज्यांत तसे नाही. पैसे त्या भागातील लोक भरतात, हिशेब तेच ठेवतात आणि बंबावर चढणारेही बहुधा तेच असतात. ही व्यवस्था व्यापारी आणि कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखी आहे. तिची अडचण आपल्या ओळखीची आहे: खर्च बारा महिने चालू, आवक बांधलेली, आणि गिऱ्हाईक कधी येईल याचा नेम नाही.

७५ डॉलरचा प्रश्न

टेनेसी राज्यातील ओबियन काउंटीच्या ग्रामीण भागाला स्वतःचे अग्निशमन दल नव्हते. जवळच्या साउथ फुल्टन या छोट्या शहराचे दल बाहेरच्या घरांना सेवा देत असे, पण त्यासाठी प्रत्येक घराने वर्षाला ७५ डॉलर वर्गणी भरावी असा नियम होता. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. मालक जागेवरच पैसे देण्यास तयार होता. दलाने नकार दिला. आग पसरून शेजाऱ्याच्या हद्दीत गेली तेव्हा मात्र बंब आला, कारण शेजाऱ्याची वर्गणी भरलेली होती. शेजाऱ्याकडची आग विझवली गेली. पहिले घर जळू दिले गेले.

या घटनेवर अमेरिकेत फार संताप झाला आणि तो योग्यच होता. डोळ्यांदेखत घर जळू देणे कोणत्याही माणसाला पटणार नाही. पण शहराची बाजूही व्यापाऱ्याला कळते. आग लागल्यावर ७५ डॉलर चालत असतील तर आधी कोण भरेल? गोदाम पेटल्यावर विमा उतरवण्यासारखेच ते झाले. २०१२ साली शहराने नियम बदलला. वर्गणी नसली तरी बंब जाईल, मात्र मागाहून ३५०० डॉलरचे बिल लागेल, असे ठरले.

खरा दोष वर्गणीच्या पद्धतीत होता. आग एका घराची राहत नाही. बंब मात्र आग नसतानाही सज्ज ठेवावा लागतो. म्हणजे खर्च तयारीचा आहे, आगीचा नाही. असा खर्च मर्जीच्या वर्गणीवर चालत नाही. तो सर्वांनी, थोडा थोडा, आधीच भरावा लागतो.

डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे

यावर अनेक राज्यांनी शोधलेला उपाय म्हणजे फायर डिस्ट्रिक्ट. नाव डिस्ट्रिक्ट असले तरी हा आपल्यासारखा जिल्हा नाही. फक्त आगीपासून संरक्षण आणि बहुधा रुग्णांना तातडीची मदत, एवढ्याच कामासाठी आखलेली ही एक हद्द असते. तिचे मंडळ वेगळे, कर वेगळा, खाते वेगळे.

ओरेगॉन राज्याचे उदाहरण घेऊ. तेथे अशा मंडळावर साधारणपणे पाच संचालक असतात. लोक त्यांना चार वर्षांसाठी निवडून देतात. अंदाजपत्रक तयार करताना या संचालकांबरोबर तितकेच साधे मतदार समितीत बसवावे लागतात. पाच संचालक, तर पाच गावकरी. बैठक खुली असते आणि तिची जाहीर सूचना द्यावी लागते. लोकांचा पैसा ही अमानत आहे, तेव्हा ती कशी खर्च होणार हे पैसे देणाऱ्यांसमोर ठरले पाहिजे, असा त्यामागचा विचार आहे.

आवक बांधलेली, खर्च मोकळा

मुख्य उत्पन्न मालमत्ता कराचे. घर, जमीन, दुकान यांच्या करपात्र मूल्यावर दर हजारी ठराविक दराने कर बसतो. समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. हद्दीतील सर्व मालमत्तेचे करपात्र मूल्य ३० कोटी डॉलर आणि दर हजारी दीड डॉलर धरला, तर वर्षाची आवक साडेचार लाख डॉलर होते. दोन लाख मूल्याच्या घराला वर्षाला ३०० डॉलर पडतात.

आता अडचण पाहा. ओरेगॉनमध्ये १९९७ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. तिच्यामुळे प्रत्येक डिस्ट्रिक्टचा दर कायमचा बांधला गेला, आणि जुन्या मालमत्तेचे करपात्र मूल्य साधारणपणे वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक वाढत नाही. नवे बांधकाम झाले तर तेवढी भर पडते. वरच्या उदाहरणात ३ टक्के म्हणजे साडेतेरा हजार डॉलर. पण डिझेल, विमा, पगार आणि सामान ६ टक्क्यांनी महागले तर खर्च सत्तावीस हजारांनी वाढतो. अशी तीन-चार वर्षे गेली की शिल्लक आटते.

मग मंडळाला लोकांकडे जावे लागते. मतदान घेऊन जादा कर मंजूर करून घेता येतो, पण चालू खर्चासाठीचा असा कर जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. मुदत संपली की पुन्हा मतदान. लोकांनी नाही म्हटले तर माणसे कमी करावी लागतात.

केंद्र सरकार २००१ सालापासून अग्निशमन दलांना सामानासाठी अनुदान देत आले आहे. वीस हजारांपर्यंत वस्ती असेल तर स्वतःचा हिस्सा केवळ ५ टक्के. पण हे अनुदान अर्ज करून, स्पर्धेत मिळते. मिळाले तर चांगले, पण त्यावर पगार अवलंबून ठेवणारा मंडळाचा हिशेबनीस शहाणा म्हणता येणार नाही.

नोव्हेंबरपर्यंत तग

हंगामी धंदा करणाऱ्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. ओरेगॉनमध्ये डिस्ट्रिक्टचे वर्ष १ जुलैला सुरू होते. कराचा पहिला हप्ता मात्र १५ नोव्हेंबरला देय असतो. त्या तारखेला पूर्ण रक्कम भरणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते, म्हणून बहुतेक पैसा तेव्हाच येतो. मधले साडेचार महिने काय करायचे? उन्हाळ्यातील वणव्यांचा हंगामही नेमका याच काळात येतो.

चालू खर्च वर्षाला चार लाख असेल तर साडेचार महिन्यांना दीड लाख लागतात. म्हणजे ३० जूनला एवढी रक्कम हातात राहिलीच पाहिजे. नाही तर कर्ज काढून व्याज भरणे आले. ही शिल्लक पाहून एखादा मतदार विचारतो, ‘‘पैसे पडून आहेत, मग कर कशाला?’’ मंडळाने त्याला समजावून सांगावे लागते की तो नफा नाही, खेळते भांडवल आहे.

बंब, कोट आणि माणूस

नवा बंब आज सात-आठ लाख डॉलरच्या खाली मिळणे कठीण. आठ लाखांचा बंब वीस वर्षे वापरायचा तर दरवर्षी चाळीस हजार वेगळे टाकले पाहिजेत. साडेचार लाखांच्या आवकेत हे फार जड जाते. म्हणून काही मंडळे मोठ्या शहरांनी काढलेले जुने बंब घेतात.

कापडवाल्यांनी त्यांच्या कोटाकडेही लक्ष द्यावे. तो तीन थरांचा असतो. बाहेर नोमेक्स किंवा केव्हलारसारख्या धाग्याचे कापड, मध्ये पाणी अडवणारा थर, आत उष्णता रोखणारे अस्तर. साधे पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटते. नोमेक्स वितळत नाही, ते करपून जाड होते आणि माणसाला बाहेर पडायला वेळ देते. कोट-पँटची किंमत काही हजार डॉलर आणि मानकानुसार आयुष्य दहा वर्षे. दिसायला ठीक असला तरी दहा वर्षांनी तो बाद करायचा. वीस जणांना प्रत्येकी साडेतीन हजार म्हटले तरी दहा वर्षांत सत्तर हजार.

पण सर्वांत मोलाची वस्तू पैशाने विकत मिळत नाही. ती म्हणजे स्वयंसेवक. २०२० च्या आकडेवारीनुसार अमेरिकेत सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामक होते. त्यांपैकी ६ लाख ७७ हजार, म्हणजे शेकडा ६५, स्वयंसेवक होते. १९८४ साली हेच स्वयंसेवक सुमारे ८ लाख ९८ हजार होते. तरुण नोकरीसाठी दूर जातात, प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत आणि दिवसा गावात हाताशी माणूस नसतो. त्या सर्वांना पगारावर ठेवायचे तर कोणत्याही छोट्या डिस्ट्रिक्टचा कर पुरणार नाही. सुतार, शेतकरी, शिक्षक हातातले काम टाकून धावतात, म्हणून तो हिशेब जुळतो.

विम्याच्या हप्त्यात परतफेड

लोक हा कर का मंजूर करतात? एक कारण विमा. अमेरिकेत विमा कंपन्यांसाठी प्रत्येक भागाच्या अग्निसंरक्षणाला १ ते १० असा दर्जा दिला जातो. १ उत्तम, १० म्हणजे संरक्षण नाही. दलाची तयारी, पाण्याचा पुरवठा आणि संदेश-यंत्रणा यांना गुण असतात. घर ठाण्यापासून रस्त्याने पाच मैलांच्या पलीकडे असेल तर बहुधा १० हाच दर्जा लागतो. दर्जा सुधारला की पुष्कळ कंपन्यांचा हप्ता उतरतो. कराचे काही पैसे अशा रीतीने घरी परत येतात.

मात्र सर्वांत कठीण दिवस मोठ्या आगीनंतर येतो. ८ सप्टेंबर २०२० रोजी ओरेगॉनमध्ये टॅलेंट आणि फिनिक्स या गावांच्या परिसरात लागलेल्या आगीत सुमारे अडीच हजार घरे गेली. ज्या घरांवर कर होता तीच जळाली. गरज वाढली आणि आवक घटली, दोन्ही एकाच दिवशी.

आपल्याकडे काय?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत ती नाही. भिवंडीची कितीतरी गोदामे ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत. माल कोट्यवधींचा, आणि बंब शेजारच्या महापालिकेचा. तेथील गोदाममालक, यंत्रमागधारक आणि ग्रामपंचायती यांनी एकत्र बसून पाण्याची टाकी, रस्त्याची रुंदी आणि ठाण्याचे अंतर यांचा एकदा तरी हिशेब मांडावा. खर्च किती आणि कोणी किती उचलायचा, हे आग लागण्याआधीच ठरले पाहिजे.