कॉलेजच्या जलतरणात कोण जिंकणार? अंदाज कुठे फसतात

"धामेत दोनदा आरपार जाते ते पोट्टं, तलावात कोनाले ऐकनार?" कॉलेजच्या जलतरण स्पर्धांचा विषय निघाला की वर्ध्याकडे असं कुणीतरी म्हणतंच. पवनारच्या धाम नदीत किंवा शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाचा दम आणि धीटपणा खराच असतो. पण ५० मीटर फ्रीस्टाईलचा निकाल दमावर लागत नाही. ठोकळ्यावरून घेतलेली उडी, पाण्याखालचा सूर आणि शेवटचा स्पर्श यांवर तो लागतो. फ्रीस्टाईल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखालून जाता येतं. तयार जलतरणपटू हे अंतर अर्धं पोहणं समजून वापरतो.

नदीला भिंत नसते, त्यामुळे वळण कुणी शिकवत नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना व संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. सगळ्यांच्या पुढे असलेला मुलगा घाईत एक हात लावून वळतो, काठावरचा पंच हात वर करतो आणि शर्यत तिथेच संपते. पोराला मात्र ते आणखी एक फेरी मारून झाल्यावर कळतं.

दुसरा घोळ 'वर्ध्याचा संघ' या शब्दांचा. कॉलेजच्या पातळीवर असा संघच नसतो. जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची. तिथल्या मुलांची निवड नागपूर, भंडारा, गोंदियाच्या मुलांशी झुंजून होते आणि पुढे ती 'नागपूर विद्यापीठ' म्हणून उतरतात. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं, सावंगी मेघेचं अभिमत विद्यापीठ स्वतंत्र आणि हिंदी विश्वविद्यालय केंद्रीय. म्हणजे पाच-दहा किलोमीटरच्या टापूत राहणारी चार मुलं आंतरविद्यापीठ स्पर्धेत चार वेगवेगळ्या टोप्या घालून उभी राहू शकतात. कोण जिंकणार हे विचारण्याआधी कोण कुणाकडून उतरतंय, हे पाहावं लागतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: ज्यांच्याकडे स्टार, त्यांचं अजिंक्यपद. हे खरं की खोटं, ते स्पर्धेच्या हिशेबाच्या पद्धतीवर ठरतं आणि ती पद्धत सगळीकडे एक नाही. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांत पदकतालिका चालते, त्यात आधी सुवर्ण मोजतात. २०२२ मध्ये बंगळुरूला झालेल्या या स्पर्धांत जैन विद्यापीठ २० सुवर्णांसह अव्वल आलं. त्यातली सात एकट्या शिव श्रीधरची, तीही पोहण्यातली. अशा तालिकेत एक पोहणारा अख्खं विद्यापीठ वर उचलतो.

गुणांची पद्धत आली की चित्र पालटतं. समजा पहिल्या तिघांना ५, ३, १ असे गुण आहेत. एका कॉलेजचा हिरा तीन शर्यती जिंकतो, १५ गुण. दुसऱ्या कॉलेजकडे एकही सुवर्ण नाही, पण पाच शर्यतींत दुसरा आणि तिसरा क्रमांक त्यांचाच, २० गुण. करंडक दुसऱ्यांच्या गाडीत.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हे टोकाला जातं. तिथे पहिल्याला २०, दुसऱ्याला १७ असं करत सोळाव्यापर्यंत गुण मिळतात आणि रिलेला दुप्पट. एका खेळाडूला वैयक्तिक शर्यती जास्तीत जास्त तीन. २०२४ मध्ये लेओं मार्शांने तिन्ही जिंकल्या, म्हणजे ६० गुण. त्याच्या ॲरिझोना स्टेटने अजिंक्यपद मिळवलं ते पाचशेच्या वर गुण करून. उरलेले गुण रिलेतून आणि चौथ्या, सातव्या, बाराव्या क्रमांकांतून आले. यातली आणखी एक खाच: सकाळच्या सगळ्या हीट मिळून नववा आलेला मुलगा संध्याकाळी दुसऱ्या फायनलमध्ये पोहतो. तिथे त्याने पहिल्या फायनलच्या विजेत्यापेक्षा भारी वेळ दिली तरी त्याला नऊच गुण. पहिल्या फायनलमधल्या आठव्याला मात्र अकरा. तेव्हा अंदाज बांधणाऱ्याने सकाळी झोपून चालत नाही.

नोंदवलेल्या वेळा मांडून बेरीज केली की निकाल हाती, असंही काहींना वाटतं. अमेरिकेत हा हिशेब बऱ्यापैकी जमतो, कारण तिथे वेळा यंत्राने घेतलेल्या असतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या यादीत नावापुढे कित्येकदा वेळच नसते. असली तरी ती स्टॉपवॉचची, आणि हाताने घेतलेली वेळ सहसा थोडी कमीच येते, कारण शिट्टी ऐकून बोट दाबेपर्यंत क्षण गेलेला असतो. शिवाय तलाव कोणता, हेही विचारा. १०० मीटरच्या शर्यतीत ५० मीटरच्या तलावात एकच वळण, २५ मीटरच्या तलावात तीन, आणि प्रत्येक वळण म्हणजे भिंतीला फुकटचा रेटा. चीनच्या पान झानलेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाईल ४६.४० सेकंदांत मारली. ऑस्ट्रेलियाच्या काइल चाल्मर्सने २०२१ मध्ये लहान तलावात ४४.८४ दिली. यावरून चाल्मर्स दीड सेकंदाने सरस म्हणणं चूक. तरी एका तलावातली वेळ दुसऱ्या तलावातल्या वेळेशेजारी मांडून पैजा लावणारे भेटतातच.

'मधल्या लेनचं पाणी चांगलं' ही समजूत तर उलटीच आहे. आठ लेनच्या तलावात सगळ्यात वेगवान मुलाला चौथी लेन देतात, मग क्रमाने पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि आठवी. चौथ्या लेनचा मुलगा जिंकतो कारण तो आधीच वेगवान म्हणून तिथे ठेवलेला असतो. भिंतीकडच्या लेनला लाटांचा थोडा त्रास होतो, एवढंच. मात्र नावांपुढे वेळाच नसतील तर ही मांडणी केवळ चिठ्ठ्यांची. अशा वेळी पहिल्या लेनमधून कुणी निसटलं तर नवल नाही. आणि हीट जिंकणं म्हणजे फायनल गाठणं नव्हे. सगळ्या हीट मिळून वेळ पाहतात.

डायव्हिंगबद्दल लोक सरळ हात झटकतात: पंचांची मर्जी, त्याचा काय अंदाज! उलट गणित इथेच जास्त उघडं असतं. पाच पंच शून्य ते दहाच्या दरम्यान गुण देतात, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी काढून टाकतात. उरलेल्या तिघांची बेरीज करून तिला उडीच्या काठिण्यांकाने गुणतात. म्हणजे एखाद्या पंचाने भाचा म्हणून दहा दिले तरी ते गळतात. आता ३ मीटरच्या फळीवरून पुढे दीड कोलांटीची साधी उडी घ्या, काठिण्यांक १.६. पंचांनी खूश होऊन ८, ८.५, ८.५ दिले तर ४० गुण. तिथेच साडेतीन कोलांट्यांची उडी, काठिण्यांक ३.१. ती जरा वेडीवाकडी पडून ७, ७, ७.५ मिळाले तरी ६६.६५. पाणी किती उडालं एवढंच बघणारा प्रेक्षक इथे हमखास फसतो. उड्यांची यादी आधीच द्यावी लागते, म्हणून स्पर्धेपूर्वी ती मिळाली तर कोण किती वर जाऊ शकतो हे घरी बसून काढता येतं. फक्त यादीतली उडी सोडून दुसरीच मारली तर शून्य.

हिशेब उधळतो तो बहुधा रिलेमध्ये. पुढच्या मुलाचे पाय ठोकळ्यावरून आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी सुटले की चौघेही बाद, आणि जिथे रिलेला दुप्पट गुण असतात तिथे एका पावलात दोन शर्यतींची कमाई बुडते. म्हणून शेवटच्या रिलेआधी दोन कॉलेजांतलं अंतर तिच्या गुणांपेक्षा कमी असेल तर जाणते प्रशिक्षक मुलांना आणखी जोरात पोहा असं सांगत नाहीत. हात लागेपर्यंत ठोकळा सोडू नका, एवढंच बजावतात.