डेटा वाचला, मांडणी गेली

महामार्गावर मनोरच्या मस्तान नाक्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं, की न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रीघ दिसते. तारापूर औद्योगिक वसाहतीतला निर्यातीचा मालही चिल्हार फाट्याहून याच महामार्गाला लागतो. जून २०१७ च्या अखेरीस न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. क्रेनना काही झालं नव्हतं, बंद पडले होते ते संगणक. टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी, आणि २७ जूनला ‘नॉटपेट्या’ या संगणकीय विषाणूने मर्स्कचं जगभराचं जाळं आडवं केलं होतं.

पुढच्या दहा दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. समूहाच्या अध्यक्षांनीच जानेवारी २०१८ मध्ये दावोसला हे आकडे सांगितले. ‘वायर्ड’ मासिकाने नंतर जो वृत्तांत छापला, त्यातला एक तपशील प्रत्येक कारखानदाराने वाचावा असा आहे. डेटाचे बॅकअप बऱ्यापैकी हाती होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला काय उघडता येतं याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरचा. असे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी जुळवून ठेवले होते. एक पडला तर दुसरा आहे, हा त्यामागचा हिशेब. पण एक सोडून सगळे एकाच वेळी पडले. घानामधल्या कार्यालयातला तो एक वाचला, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. त्याच्यातली माहिती विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा पुढचं काम सुरू झालं.

बोईसर-तारापूरच्या मध्यम कारखान्याचा पसारा मर्स्कएवढा नसतो, पण धोका त्याच जातीचा असतो. एका दणकट सर्व्हरवर व्हर्च्युअलायझेशनच्या आधाराने चार-सहा आभासी सर्व्हर चालतात: टॅली, ईआरपी, हजेरी, प्रयोगशाळेच्या नोंदी. त्यांच्या डेटाचा बॅकअप रोज निघतो. पण ज्या होस्टवर हे सगळं उभं आहे, त्याची मांडणी कोण जपतं? कोणतं नेटवर्क कार्ड कोणत्या स्विचला, कोणती व्हीलॅन कुठे, स्टोरेजची वाट कोणती, कोणती मशीन आधी सुरू व्हायची, हे बहुधा एका इंजिनिअरच्या डोक्यात असतं. होस्टची डिस्क गेली आणि तो माणूस नोकरी सोडून गेला असेल, तर डेटा हातात असूनही कामकाज बंद राहतं.

ही मांडणी आपोआप जपणं अवघड नाही. आभासी सर्व्हर चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या प्रणालीत त्यासाठी तयार आदेश आहेत. बदललेली सेटिंग बूट डिस्कवर तासाला एकदा उतरतात, म्हणून स्क्रिप्टने आधी ‘सिंक’ करावं आणि मग ‘बॅकअप’ घ्यावा. त्यातून एक छोटी दाबलेली फाइल मिळते. ती दुसऱ्या यंत्रावर, तारखेसह, रोज रात्री जायला हवी. इथे एक खाच आहे. वेळापत्रक ईएसएक्सआयच्याच क्रॉनमध्ये लिहिलं, तर रीबूटनंतर ते पुसलं जातं. त्यापेक्षा व्हीएमवेअरच्याच पॉवरसीएलआय या साधनाची स्क्रिप्ट एखाद्या विंडोज संगणकाच्या टास्क शेड्युलरवर लावावी.

रिस्टोअरच्या अटी कडक आहेत. नव्याने बसवलेल्या ईएसएक्सआयची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक बॅकअपच्या वेळचाच लागतो, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये न्यावा लागतो आणि शेवटी तो रीबूट होतो. म्हणून त्या बिल्डची आयएसओ फाइलही बॅकअपशेजारीच ठेवावी. टीपीएम चिप असलेल्या सर्व्हरवर ७.० अपडेट २ पासून मांडणी कूटबद्ध असते. मदरबोर्ड बदलला तर रिकव्हरी की लागते, ती आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर परवान्यांचं गणित बदललं आणि अनेकांनी प्रॉक्समॉक्स या पर्यायी प्रणालीची वाट धरली. तिथे आभासी मशीनच्या बॅकअपसोबत त्या मशीनची मांडणी येते, होस्टची येत नाही. मांडणी दिसते ‘ईटीसी’खालच्या ‘पीव्हीई’ फोल्डरमध्ये, पण बंद पडलेल्या सर्व्हरची डिस्क काढून दुसरीकडे लावली तर तो फोल्डर रिकामा निघतो. खरी नोंद ‘कॉन्फिग डीबी’ नावाच्या छोट्या डेटाबेस फाइलमध्ये असते. ती फाइल आणि नेटवर्कच्या सेटिंगची फाइल, दोन्ही रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये हव्यात.

मांडणीच्या फाइलींची किंमत खंडणीखोरांनाही कळते. फेब्रुवारी २०२३ मधल्या ‘ईएसएक्सआयआर्ग्स’ हल्ल्यात जगभरातले ३,८०० हून अधिक सर्व्हर सापडले. त्यात आभासी मशीनच्या छोट्या वर्णनफाइली कुलूपबंद झाल्या, पण कित्येक ठिकाणी डेटाची मोठी ‘फ्लॅट’ फाइल तशीच राहिली. अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मग त्या मोठ्या फाइलींवरून वर्णनफाइली पुन्हा रचणारी स्क्रिप्ट सगळ्यांना खुली केली. ज्यांच्याकडे या लहान फाइलींची प्रत वेगळी असती, त्यांना हा आटापिटा करावा लागला नसता. अर्थात ती प्रत त्याच सर्व्हरच्या नेहमी जोडलेल्या डिस्कवर असेल, तर तीही जाते. शिवाय होस्टच्या मांडणीच्या बॅकअप फाइलींत जाळ्याचा नकाशा आणि पासवर्डचे हॅश असतात. ईमेलने फिरवण्याची ही वस्तू नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे: रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये. स्क्रिप्ट रोज रात्री हिरवी खूण दाखवते, पण फाइल उघडते का, बिल्ड जुळतो का, रिकव्हरी की खरी आहे का, हे ती सांगत नाही. ते दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभं करूनच कळतं. दिवाळीत अनेक कारखान्यांचं कामकाज दोन-तीन दिवस थांबतं. त्यातली एक दुपार आपल्या सर्व्हरवाल्याला द्या, एखादा जुना सर्व्हर मोकळा करून द्या, आणि कालच्या फाइलीवरून होस्ट उभा करून दाखवायला सांगा.