दुर्गाडी: खाडीकाठचा सीमेवरचा किल्ला

भिवंडीहून कल्याणात शिरताना पुलाशेजारी जी टेकडी लागते, तीच दुर्गाडीची. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. तेव्हा याच खाडीकाठची वसई आणि ठाणे ही ठिकाणं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, म्हणजे हा अगदी सीमेवरचा मुलूख! इथल्याच खाडीत मराठी आरमाराची सुरुवातीची जहाजं बांधली गेली. त्या कामावर आधी पोर्तुगीज कारागीर होते, पुढे ते पळाले.

दंतकथा दोन. किल्ल्याचा पाया खणताना महाराजांचे अधिकारी आबाजी महादेव यांना धन सापडलं, ही पहिली. दुसरी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची: कैद करून आणलेल्या तिला महाराजांनी सन्मानाने परत पाठवलं. घरोघरी सांगतात, पण समकालीन कागदांत तिला आधार नाही. मला तर जहाजांची हकीकतच जास्त थरारक वाटते.

तटबंदी आता फारशी उरलेली नाही. नवरात्रात किल्ल्यावरच्या देवीच्या दर्शनाला जाल, तेव्हा उरलेले अवशेषही बघा.